पाणबुडीत न मावलेली माणसं

(उलवे इथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन आहे. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)

पत्रिकेवर विषय छापलाय, 'पहिल्या पाणबुड्या आणि त्यांची रचना'. आत येताना एक काका म्हणाले, "म्हणजे आज यंत्रांचं व्याख्यान." यंत्रं येतील, पण मला आज समीक्षकाच्या अंगाने बोलायचंय. आपल्याकडे उलव्यात रोज नवीन इमारत उभी राहते. तिचा नकाशा बघताना आपण काय बघतो? देवघर आहे का, पार्किंग आहे का. पण कोणी हेही विचारू शकतं, की इथे दिवसभर काम करणाऱ्या वॉचमनला पाठ टेकायला जागा कुठे दाखवलीय? त्या एका प्रश्नाने नकाशा काढणाऱ्याच्या मनात कोण होतं आणि कोण नव्हतं ते कळतं. तोच प्रश्न मला 1900 ते 1918 या काळातल्या पाणबुडीच्या नकाशाला विचारायचाय.

आणि हा विषय आपल्याला लांबचा नाही. इथून समोर पाण्यापलीकडे माझगाव डॉक. 1992 साली नौदलात दाखल झालेली 'शल्की' तिथे बांधली गेली, भारतात बांधलेली पहिली पाणबुडी. माझगाव डॉकचंच एक यार्ड आपल्या शेजारी न्हाव्याला आहे. नवीन 'कलवरी', 'खांदेरी' वगैरे आल्या तेव्हा पेपरात चौकोन आले होते, आठवत असतील. लांबी इतकी, वेग इतका, टॉर्पेडो इतके. पाणबुडीबद्दल आपण असेच बोलतो, क्रिकेटच्या धावफलकासारखे.

आधी शब्दापासून सुरुवात करतो, कारण शब्दानेच अर्धं काम केलंय. उरण-पाणजेच्या पाणथळीत टिबुकली दिसते. बदकापेक्षा लहान, गोलमटोल. तिलाच पाणबुडी असंही म्हणतात. हा पक्षी राहतो पाण्यावर. अधूनमधून बुडी मारतो आणि थोड्या वेळात पलीकडे वर येतो, कारण श्वास हवेतला घ्यायचाय. इंग्रजी शब्दातून वाटतं की ही वस्तू पाण्याखालीच राहते. मराठी शब्द जास्त खरा आहे. त्या काळातली पाणबुडी ही पाण्यावर चालणारी आणि गरजेपुरती बुडी मारणारी बोट होती. तिच्या रचनेतलं सगळं बरंवाईट या एका गोष्टीतून निघतं.

का, ते बघा. जॉन हॉलंड हा मूळचा आयर्लंडमधला शाळामास्तर. 1873 साली अमेरिकेत गेला. त्याची सहावी बोट 1897 मध्ये पाण्यात उतरली आणि 1900 साली अमेरिकन नौदलाने ती दीड लाख डॉलरला विकत घेतली. सोळा-सव्वासोळा मीटर लांब, सहा माणसं. तिची जोडणी महत्त्वाची: वर असताना पेट्रोलचं इंजिन, खाली गेल्यावर बॅटरीवर चालणारी विजेची मोटर. इंजिनला हवा लागते, म्हणून खाली ते बंद. बॅटरी संपली की परत वर या, इंजिन लावा, बॅटरी भरा. पुढची पन्नास वर्षं जगातल्या जवळजवळ प्रत्येक पाणबुडीने हाच संसार केला, फक्त पेट्रोलच्या जागी डिझेल आलं.

हॉलंडच्या काळातच दुसरा एक माणूस होता, सायमन लेक. मला तो जास्त आवडतो, आणि समीक्षकाने आपली आवड लपवू नये. हॉलंडची बोट नाक खाली करून सूर मारायची. लेकची बोट आडवी, सपाट खाली जायची आणि तिला चाकं होती! समुद्राच्या तळावरून गाडीसारखी चालवायची. शिवाय पुढच्या बाजूला एक खोली, तिच्या तळाला दार. खोलीत हवेचा दाब बाहेरच्या पाण्याइतका वाढवला की दार उघडलं तरी पाणी आत येत नाही. ग्लास उलटा करून बादलीत दाबल्यावर जे होतं तेच. त्या दारातून पाणबुड्या माणूस बाहेर पडायचा आणि परत यायचा. लेकच्या डोक्यात मुख्यतः बुडालेल्या जहाजांतला माल काढणं, तळ धुंडाळणं असली कामं होती. म्हणजे पाणबुडीला बाहेरच्या माणसासाठी दार असू शकतं, ही कल्पना सुरुवातीलाच जन्मली होती. नौदलांनी मुख्यत्वे हॉलंडची वाट धरली. लेकची 'प्रोटेक्टर' 1904 साली रशियाने घेतली, पण ते दार काही युद्धनौकांच्या घराण्यात टिकलं नाही.

आता ब्रिटिशांकडे या. 1901 मध्ये त्यांनी हॉलंडच्याच नकाशावरून पहिली पाणबुडी बांधली, मग ए-वर्ग. 18 मार्च 1904 ला ए-1 पोर्ट्समथजवळ पाण्याखालून सराव करत असताना एक प्रवासी जहाज वरून गेलं, घासलं, आणि आतली अकराच्या अकरा माणसं गेली. पुढच्या वर्षी ए-5 मध्ये पेट्रोलच्या वाफेचा स्फोट झाला. या अपघातांतून नकाशा बदलला. ए-1 नंतर वरच्या मनोऱ्याच्या तळाशी आणखी एक जलरोधक झाकण आलं, म्हणजे मनोरा फुटला तरी बोट भरू नये. पेट्रोलच्या भीतीने जर्मनांनी रॉकेलची इंजिनं घेतली. ती पांढऱ्या धुराचे लोट सोडायची, लपून राहण्यासाठी केलेल्या बोटीला ही चांगलीच शोभा! पुढे सगळीकडे डिझेल आलं. हे मी का सांगतोय? रचना करणारे शिकत होते. आतला माणूस मेला की तो पुढच्या नकाशात झाकण होऊन, झडप होऊन यायचा. हे मात्र आतल्या माणसापुरतंच घडलं.

पाणबुडीच्या रचनेवर टीका करायची म्हटली की सगळे ब्रिटिशांच्या के-वर्गावर तुटून पडतात. शंभर मीटरची, वाफेवर चालणारी, चक्क धुराडी असलेली पाणबुडी. बुडी मारण्याआधी धुराडी मिटायची, हवेची भोकं बंद करायची. के-13 च्या चाचणीत 1917 च्या जानेवारीत ती भोकं उघडी राहिली आणि 32 जण गेले. 31 जानेवारी 1918 च्या रात्री स्कॉटलंडजवळ एका सरावात के-वर्गाच्या बोटी एकमेकींवर आणि इतर जहाजांवर आदळल्या, शंभरावर माणसं मेली, शत्रू आसपासही नव्हता. ही टीका बरोबरच आहे, पण सोपी आहे. जी वस्तू स्वतःच्या कामातच नापास होते तिला नापास करायला समीक्षक कशाला हवा? अवघड आहे ते यशस्वी रचनेकडे बघणं. म्हणून मी जर्मनांच्या यू-31 वर्गाकडे येतो. त्यात यू-35 आणि यू-38 या दोन बोटी आहेत, दोन्ही कील शहरात बांधलेल्या.

लांबी सुमारे 65 मीटर. आतली दाब सोसणारी नळी रुंदीला जेमतेम चार मीटर. डोळ्यासमोर येत नाही ना? खारकोपरला लोकल पकडता, तिचा एक डबा साधारण वीस मीटरचा आणि पावणेचार मीटरच्या आसपास रुंद. असे तीन डबे सलग घ्या. त्यात दोन डिझेल इंजिनं, दोन मोटरी, बॅटऱ्या, चार टॉर्पेडो नळ्या, सहा टॉर्पेडो, काही आठवड्यांचं अन्न आणि 35 माणसं. (श्रोत्यांतून: "आमच्या साडेआठच्या लोकलला एका डब्यात तीनशे असतात!") हो, पण तुम्ही सीएसएमटीला उतरता! (हशा)

आता आकडे, पण कामाचे. वरून चालताना वेग सोळा नॉट. पाण्याखाली पूर्ण वेग दहाच्या आत, तोही फार वेळ नाही. पाच नॉटने गेलं तर ऐंशी सागरी मैल, म्हणजे सोळा तास, की बॅटरी खलास. वरून मात्र आठ-साडेआठ हजार मैल जाईल. टिबुकलीच.

या बोटीला शत्रूचा व्यापार तोडायच्या कामावर लावलं, आणि इथे एक जुना समुद्री रिवाज आडवा आला. व्यापारी जहाज दिसलं तर आधी थांबवा, कागद तपासा, बुडवायचंच असेल तर त्यावरच्या माणसांना सुरक्षित जागी ठेवा, मग बुडवा. 1909 च्या लंडन जाहीरनाम्यात हे लिहिलेलं होतं. त्याला रीतसर मंजुरी मिळाली नाही, पण रिवाज सगळ्यांना ठाऊक होता. तो पाळता येतो हे आपल्याच समुद्रात दिसलं. 'एम्डन' ही जर्मन क्रूझर 1914 च्या सप्टेंबरमध्ये बंगालच्या उपसागरात एकामागून एक जहाजं पकडत होती. तिच्या कप्तानाने त्यांवरची माणसं 'कबिंगा' नावाच्या पकडलेल्याच जहाजावर चढवली आणि ते जहाज कलकत्त्याकडे सोडून दिलं. कप्तान फॉन म्युलर सभ्य होता हे खरंच, सगळे तेच सांगतात. मी त्यात एवढंच घालतो की त्याच्याकडे जहाजही सभ्यपणा परवडेल असं होतं. साडेतीनशेवर खलाशी, डेकवर जागा, पकडलेल्या जहाजावर पाठवायला जादा माणसं. तीन डब्यांच्या बोटीत यातलं काय होतं?

एम्डनने मद्रासवर तोफा डागल्या ती तारीख 22 सप्टेंबर 1914. त्याच दिवशी सकाळी तिकडे उत्तर समुद्रात यू-9 ने तीन ब्रिटिश क्रूझर बुडवल्या होत्या. पहिली 'अबूकीर' बुडायला लागली. 'होग' तिच्या माणसांना उचलायला जवळ आली, तिलाही टॉर्पेडो. मग 'क्रेसी' बुडत्यांना वाचवायला थांबलेली, तीही. चौदाशेवर माणसं मेली. त्यानंतर ब्रिटिश नौदलाचा हुकूम निघाला की अशा वेळी मोठ्या जहाजांनी बुडत्यांसाठी थांबू नये. बघा, पाणबुडीच्या पोटात बुडत्याला जागा नव्हतीच, तिने दुसऱ्याच्या जहाजावरचीही काढून घेतली.

आता पर्शियाकडे येतो. पी अँड ओ कंपनीचं जहाज, लंडनहून निघालेलं, मुंबईला यायचं. 30 डिसेंबर 1915, क्रीटच्या दक्षिणेला, दुपारच्या जेवणाची वेळ. यू-38, कप्तान माक्स व्हॅलेंटिनर. इशारा न देता टॉर्पेडो. पर्शिया काही मिनिटांत गेली. पाचशेवर माणसं होती, त्यांतली सव्वातीनशेपेक्षा जास्त मेली. मोजक्या होड्या सुटल्या, त्यांतले लोक दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत समुद्रावर होते.

पर्शियाची गोष्ट आजवर कशी सांगितली गेली? कपूरथळ्याच्या महाराजांचे दागिने त्यात होते, महाराज स्वतः मार्सेलला उतरले म्हणून वाचले. लॉर्ड मॉन्टेग्यू वाचले, त्यांच्या सेक्रेटरी एलिनॉर थॉर्नटन बुडाल्या. रोल्स-रॉइसच्या बॉनेटवरच्या पंखवाल्या मूर्तीसाठी त्याच मॉडेल होत्या असं मानतात. 2003 मध्ये दागिन्यांच्या शोधात त्या जहाजापर्यंत बुडी मारली गेली. सगळं खरं आणि सगळं चित्तवेधक. पण जहाज चालवत कोण होतं? पी अँड ओच्या मुंबईकडच्या बोटींवर डेकवर, बॉयलरपाशी, भटारखान्यात मोठ्या संख्येने आपल्याकडचे लोक असत. कोकण किनाऱ्यावरचे खलाशी, गोव्याचे वाढपी, पंजाब-सरहद्दीकडचे आगवाले. सारंग, टिंडेल, भंडारी हे त्यांच्या हुद्द्यांचे शब्द. आगवाला म्हणजे बॉयलरच्या तोंडाशी कोळसा मारणारा. पर्शियाला टॉर्पेडो लागल्यावर तिचा एक बॉयलरही फुटला. तेव्हा तिथे ज्याची पाळी चालू होती त्याच्यासाठी होडी किती होत्या हा प्रश्नच नव्हता.

इथे तुम्ही मला अडवलं पाहिजे. दोन आक्षेप आहेत, दोन्ही जोरदार.

पहिला: पर्शियावर मागच्या बाजूला तोफ होती. ब्रिटिशांनी व्यापारी जहाजांना तोफा दिल्या, काही जहाजं तर निरुपद्रवी दिसणारे सापळे होती. पाणबुडीच्या नळीला एक गोळा लागून भोक पडलं की ती बुडी मारू शकत नाही, संपली. मग वर येऊन इशारा देणं म्हणजे आत्महत्याच. मान्य. पण त्याचा अर्थ बघा. या रचनेला एवढंच कवच परवडत होतं की तिचं सगळं संरक्षण न दिसण्यात होतं. जी न दिसण्यावर जगते ती इशारा देऊ शकत नाही. हा दोष व्यापारी जहाजावर ढकलून संपत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. यू-35. यू-38 चीच बहीण, त्याच भूमध्य समुद्रात. कप्तान आर्नो द ला पेरिएर. 1916 च्या जुलै-ऑगस्टमधल्या एकाच फेरीत त्याने 54 जहाजं बुडवली आणि टॉर्पेडो वापरले फक्त चार. बाकी सगळी तोफेने नाहीतर स्फोटकांनी. तो बहुतेक वेळा जहाज थांबवायचा, माणसांना होड्यांत उतरू द्यायचा, मग बुडवायचा. मग रचना तीच असताना एक कप्तान असा आणि एक तसा, तर दोष रचनेचा कसा? पाणबुडीला दोष देऊन आपण व्हॅलेंटिनरला सोडून देत नाही ना? नाही, व्हॅलेंटिनरचा हिशोब त्याच्या नावावरच राहील. पण आर्नोचं उदाहरणही नीट वाचा. टॉर्पेडो सहाच, महाग, आणि फेरी लांबची. तोफ स्वस्त. त्याच्या सभ्यपणाला काटकसरीचा हात होता. आणि माणसं सुरक्षित म्हणजे कुठे? भर समुद्रात, उघड्या होडीत. यू-35 च्या तीन डब्यांत त्यांना घ्यायला जागा नव्हतीच. पुढे 1936 च्या लंडन करारात नेमकं हेच लिहिलं गेलं: किनारा जवळ असेल, समुद्र शांत असेल किंवा दुसरं जहाज उचलायला हजर असेल तरच होडीला सुरक्षित जागा म्हणायचं. एरवी नाही. पाणबुड्यांनाही हा नियम लागू, हे स्पष्ट लिहून. हा नियम ज्यांनी लिहिला त्यांना ती बोट आतून माहीत होती. नियम लिहिला, बोट मात्र बदलली नाही.

जागा करताच येत नव्हती का? येत होती. 1916 च्या जुलैमध्ये 'डॉइचलँड' नावाची जर्मन मालवाहू पाणबुडी ब्रिटिश नाकेबंदी चुकवून अमेरिकेत बाल्टिमोरला पोचली. जाताना रंग, येताना रबर आणि निकेल, शेकडो टन. लांबी यू-38 एवढीच, पण पोट रुंद. म्हणजे नकाशावर रेघ बाहेर सरकवता येते, फक्त कोणासाठी सरकवायची हे ठरवावं लागतं. पुढच्या वर्षी तिच्यावर तोफा चढवून तिलाही युद्धनौका केलं, यू-155. तेव्हाही त्या पोटात बुडत्यांसाठी कोपरा ठेवला नाही. 1917 च्या एप्रिल महिन्यात एकट्या त्या महिन्यात साडेआठ लाख टनांची जहाजं बुडाली.

सिनेमाचं थोडं सांगतो. 'डास बोट' हा 1981 चा जर्मन सिनेमा दुसऱ्या महायुद्धातला, पण बोट याच घराण्यातली. त्यात एक प्रसंग आहे: जळणाऱ्या टँकरवरून माणसं उड्या मारून पाणबुडीकडे पोहत येतात आणि कप्तान बोट मागे घ्यायला सांगतो. बाकी सिनेमाभर कॅमेरा आत कोंडलेला, आपण आतल्यांसाठी घामाघूम. या एका क्षणी बाहेरचे चेहरे दिसतात. पाणबुडीच्या सिनेमांत हा प्रामाणिकपणा क्वचितच सापडतो. आणि प्रत्यक्षात 1942 मध्ये यू-156 च्या कप्तानाने उलट केलं. 'लॅकोनिया' बुडवल्यावर डेकवर माणसं घेतली, होड्या ओढत नेल्या. वरून अमेरिकन विमानाने बॉम्ब टाकला. डेकवर माणसं असताना बुडी मारता येत नाही. त्याने त्यांना परत पाण्यात सोडलं.

आपल्या 'शिशुमार' वर्गाच्या पाणबुड्या कीलच्या घराण्यातल्या. त्यांत एक गोल कोठडी आहे. बोट तळाशी अडकली तर सगळे खलाशी त्या गोळ्यात बसून वर येऊ शकतात. फार सुंदर रचना. 1904 च्या त्या झाकणापासून सुरू झालेली ती वाट आहे, आणि ती अजूनही आतल्यांपुरतीच आहे.

(प्रश्न: 1971 मध्ये 'खुकरी' बुडाली, तेही यातच धरायचं का?) नाही, वेगळं धरीन. ती युद्धनौका होती, युद्ध चालू होतं, शत्रूची पाणबुडी शोधायलाच ती निघालेली. तिथे दुःख आहे, पण हा प्रश्न लागू होत नाही. माझा प्रश्न कोळसा मारणाऱ्याचा आहे.

(प्रश्न: त्या खलाशांची नावं कुठे मिळतात?) मुंबईतच. मशीद बंदरजवळ इंडियन सेलर्स होम आहे, तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे, ज्यांना दुसरी कबर नाही अशांचं. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर स्मारकाच्या नावाने शोधता येतं, 'बॉम्बे 1914–1918 मेमोरियल' असं घालायचं. घरात कोणी तेव्हा बोटीवर होतं असं ऐकलं असेल तर नाव दोन-तीन तऱ्हेच्या स्पेलिंगने घालून बघा. कारकुनाने कानाला लागलं तसं लिहिलेलं असतं.